ज्याच्यावर प्रीती, त्यालाच शिक्षा?

हिंदीत ‘शिक्षा’ मिळाली म्हणजे मूल शाळेत गेलं. मराठीत ‘शिक्षा’ मिळाली म्हणजे तेच मूल वर्गाबाहेर ओणवं उभं आहे. शब्द एकच, ‘शिकणे’ या अर्थाच्या संस्कृत धातूतून आलेला. मराठीत येता येता त्याच्या हातात छडी आली. ‘छडी लागे छमछम, विद्या येई घमघम’ म्हणत मोठ्या झालेल्या पिढ्यांना त्यात काही खटकलंही नाही.

मराठी ख्रिस्ती माणसाची एक जुनी अडचण इथूनच सुरू होते. बायबलच्या नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात एक वचन आहे: परमेश्वर ज्याच्यावर प्रीती करतो त्याला तो शिक्षा करतो. रविवारी उपासनेत हे वाचलं जातं आणि बाकांवर बसलेली माणसं मनातल्या मनात आपापली वही उघडतात. कुणाला सुटलेली नोकरी आठवते, कुणाला मोडलेलं लग्न, कुणाला डॉक्टरांनी पुन्हा करायला सांगितलेली तपासणी. प्रीती कानाआड होते आणि शिक्षा तेवढी लक्षात राहते.

माझी आई दवाखान्यात होती, तेव्हा मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, एक मावशी भेटायला आल्या. शहाळं आणलं, आईचे पाय चेपले, मनापासून प्रार्थना केली. निघताना मात्र हळूच म्हणाल्या, “देव शिक्षा करतो ती आपल्या भल्यासाठीच असते, बाई. काही राहून गेलं असेल तर कबूल करून मोकळ्या व्हा.” आई त्या रात्री झोपली नाही. सासूला कधी उलट बोलले का, दशमांश कधी चुकवला का, असं एकेक आठवत ती छताकडे बघत पडली होती. मावशी वाईट नव्हत्या, आणि त्यांच्या तोंडचं वचन शास्त्रातलंच होतं. तरी काहीतरी चुकत होतं. काय ते समजायला दोन शब्द उघडून बघावे लागतात, एक प्रेमाचा आणि एक शिस्तीचा.

दयेपेक्षा जास्त काहीतरी

जुना करार मुळात जवळजवळ सगळा इब्री, म्हणजे हिब्रू, भाषेत आहे. त्यात ‘हेसेद’ हा शब्द सुमारे २५० वेळा येतो, आणि त्यातला निम्मा वाटा एकट्या स्तोत्रसंहितेचा आहे. या एका शब्दाने भाषांतरकारांना पिढ्यान्‌पिढ्या घाम फोडला. प्राचीन ग्रीक भाषांतरात त्यासाठी बहुतेक ठिकाणी ‘एलेओस’, म्हणजे दया, असा शब्द आला. लॅटिनने तीच वाट धरली. १५३५ साली माइल्स कव्हरडेल याने इंग्रजीत बायबल छापलं, तेव्हा त्याने प्रेम आणि दयाळूपणा या अर्थांचे दोन शब्द सांधून एक नवाच शब्द वापरला. आपल्या मराठी बायबलात कुठे ‘दया’ आहे, कुठे ‘वात्सल्य’. १३६व्या स्तोत्रात २६ वचनं आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच पालुपद येतं: त्याची दया सनातन आहे. तिथे मूळ शब्द हेसेद.

‘दया’ हा शब्द चुकीचा नाही, अपुरा आहे. दया परक्यावरही येते. सिग्नलला काचेवर टकटक करणाऱ्या पोराची दया येते, आपण दहा रुपये देतो, दिवा हिरवा होतो, विषय संपतो. हेसेद असा संपत नाही, कारण तो नात्यात राहतो.

दावीद आणि योनाथान यांची गोष्ट घ्या. योनाथान हा शौल राजाचा मुलगा. दावीद त्याचा जिवलग मित्र, आणि शौलाच्या डोळ्यांत सलणारा माणूस. दोघांनी एकमेकांना शब्द दिला होता की काही झालं तरी एकमेकांच्या घराण्याशी हेसेदने वागायचं. पुढे शौल आणि योनाथान दोघेही लढाईत पडले, दावीद राजा झाला. त्या काळची रीत अशी की नव्या राजाने जुन्या राजाचं घराणं पुसून टाकायचं. दावीद मात्र विचारतो, शौलाच्या घराण्यातलं कुणी उरलं आहे का, योनाथानासाठी मला त्याच्यावर दया करायची आहे. मफीबोशेथ नावाचा योनाथानाचा मुलगा सापडतो, दोन्ही पायांनी अधू. दावीद त्याला आजोबाची सगळी जमीन परत देतो आणि कायमचा आपल्या पंगतीला बसवतो. शब्द घेणारा मेला होता. पाळला नसता तर विचारणारं कुणी नव्हतं.

मराठीत याला एक शब्द सापडत नाही, दोन जोडावे लागतात: ‘माया’ आणि ‘शब्दाला जागणं’. नुसती माया आज असते, उद्या आटते. नुसतं शब्दाला जागणं कोरडं असतं, बँकेच्या हप्त्यासारखं. दोन्ही एकजीव झालं की हेसेदच्या जवळपास पोचता येतं. ‘वात्सल्य’ हा शब्दही मला आवडतो. त्यात वत्स, म्हणजे वासरू आहे, गोठ्याकडे धावत येणारी गाय आहे. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, एकोणपन्नासाव्या अध्यायात, देव म्हणतो, आई आपल्या तान्ह्याला विसरेल का? आणि पुढे म्हणतो, एखादी विसरेलही, पण मी तुला विसरणार नाही. वात्सल्य जिथे थकेल त्याच्याही पुढे जाण्याचं वचन तिथे आहे.

नाकावरचा राग

देवाने आपली ओळख स्वतःच्या तोंडाने करून दिली, असा एक प्रसंग निर्गम या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात आहे. वेळ मोठी विचित्र. मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, नुकत्याच सुटून आलेल्या लोकांनी त्यांचा पुढारी मोशे डोंगरावर असताना सोन्याचं वासरू करून त्याच्याभोवती नाच केला होता. मोशेने संतापून आज्ञांच्या दगडी पाट्या फोडल्या होत्या. आता तो दुसऱ्या पाट्या घेऊन वर गेला आहे, आणि देव म्हणतो: मी दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, हेसेद आणि सत्य यांनी भरलेला देव आहे.

‘मंदक्रोध’ या ठिकाणी इब्रीत जे आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘लांब नाकाचा’ असा होतो. इब्रीत नाक आणि राग यांना एकच शब्द चालतो. ज्याच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो अशी माणसं आपल्याही ओळखीत असतात. या वाक्प्रचारापुरते मराठी आणि इब्री लोक शेजारी शोभावेत. देवाचं नाक लांब, म्हणजे राग तिथवर पोचायला वेळ लागतो.

पण हे वाक्य इथे थांबत नाही. कॅलेंडरवर छापणारे थांबतात. पुढे लिहिलं आहे की तो हजारोंवर हेसेद राखतो, अन्याय आणि पाप यांची क्षमा करतो, तरी अपराधाकडे काणाडोळा मात्र करत नाही. बापाच्या अपराधाची झळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोचते. एकीकडे हजार आणि दुसरीकडे तीन-चार, हे प्रमाण विसरू नये. पण दुसरी बाजू पुसूनही टाकू नये. ज्यांनी वासरू केलं त्यांच्यासाठीच नव्या पाट्या आल्या, आणि त्यांवर आज्ञा पहिल्याच होत्या. एकही कमी केली नव्हती.

स्वतःच्या घराची कौलं

या दोन गोष्टी एकाच वाक्यात सर्वांत स्पष्ट कुठे येतात, असं विचारलं तर मी २ शमुवेल, अध्याय ७ कडे बोट दाखवीन. नाथान संदेष्ट्याच्या तोंडून देव दावीदाला त्याच्या मुलाविषयी सांगतो. सारांश असा: मी त्याचा पिता होईन, तो माझा पुत्र होईल; तो चुकला तर माणसं जशी छडीने शिक्षा करतात तशी मी करीन; पण माझं हेसेद त्याच्यापासून दूर होणार नाही.

शिस्त लावायची, ती नातं तोडायचं नाही म्हणून. भाड्याच्या खोलीत पाणी गळायला लागलं तर माणूस फार तर मालकाला दोनदा फोन करतो आणि वर्षअखेरीस दुसरी खोली बघतो. स्वतःच्या घराचं तसं नसतं. वळवाचा पहिला गडगडाट ऐकला की तो शिडी लावून वर चढतो, कौलं परततो, फुटलेली काढून फेकतो. घराला जीव असता तर त्याला वाटलं असतं, हा माणूस दरवर्षी माझ्याच डोक्यावर का नाचतो.

दावीदाच्या स्वतःच्या आयुष्यात हे लवकरच घडलं. त्याने बथशेबेला बोलावून घेतलं आणि तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईच्या ऐन तोंडावर उभं करून मारवलं. नाथान पुन्हा आला. त्याने आरडाओरडा केला नाही, एक गोष्ट सांगितली: एका गरिबाची एकुलती एक मेंढी होती, त्याच्या ताटातलं खायची, कुशीत निजायची, शेजारच्या श्रीमंताकडे पाहुणा आला तेव्हा त्याने आपले कळप सोडून तीच कापली. दावीद चवताळून उठला, असल्या माणसाला मेलंच पाहिजे म्हणाला. नाथान म्हणाला, तो माणूस तूच. दावीदाने कबूल केलं आणि नाथानाने तिथल्या तिथे क्षमा सांगितली. परिणाम मात्र राहिले. घरात तलवार शिरली, मुलं एकमेकांच्या जिवावर उठली. बथशेबेचं पहिलं मूल मेलं. या शेवटच्या गोष्टीपाशी मी दरवेळी अडखळतो. त्याचं सुटसुटीत उत्तर देणाऱ्या प्रवचनांवर माझा विश्वास बसत नाही.

एकावन्नावं स्तोत्र या प्रसंगाशी जोडलेलं आहे. त्याच्या पहिल्याच ओळीत दावीद जुने पराक्रम पुढे करत नाही की वचनाचा हक्क सांगत नाही. तुझ्या हेसेदप्रमाणे माझ्यावर कृपा कर, एवढंच म्हणतो. ज्याच्या हातून मार बसतोय त्याच्याच कमरेला मिठी मारणारं मूल आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकात तर देवाच्या मनाची ओढाताण उघडीच दिसते. एफ्राईमाला मी चालायला शिकवलं, हात धरून, असं अकराव्या अध्यायात देव म्हणतो. एफ्राईम म्हणजे इस्राएलचं उत्तरेकडचं राज्य. घरातल्या पांगुळगाड्याची आठवण व्हावी असं ते चित्र. आणि थोडं पुढे: एफ्राईमा, तुला मी कसा सोडू? तरी इ. स. पूर्व ७२२च्या सुमारास अश्शूरने शोमरोन ही त्याची राजधानी घेतली आणि ते राज्य गेलं. इतकी माया असूनही ते टळलं नाही.

तालीम

आता दुसरा शब्द. नीतिसूत्रांच्या पुस्तकात ‘मूसार’ हा इब्री शब्द पुन्हा पुन्हा येतो. त्यात शिकवणं आहे, ताकीद आहे, वळण लावणं आहे आणि वेळ पडली तर मारही आहे. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये त्याच्या जागी ‘पैदेइया’ येतो. हा शब्द ‘मूल’ या अर्थाच्या शब्दापासून झाला आहे. ग्रीक लोक मुलाला माणूस बनवण्याच्या सगळ्या खटाटोपाला पैदेइया म्हणत, मग ते व्याकरण असो, गाणं असो की कसरत. हिंदीतली ‘शिक्षा’ आणि मराठीतली ‘शिक्षा’ दोन्ही त्या एका शब्दात मावतात. आपल्या पदरात त्यातली फक्त मराठी पडली.

इब्री लोकांस पत्रातलं ते वचन मुळात नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातलं आहे, आणि तिथे एक गंमत आहे. इब्री लिखाणात मुळात स्वरचिन्हं नव्हती, नुसती व्यंजनं. इब्री परंपरेने तिथली अक्षरं ‘जसा बाप’ अशी वाचली: बाप आवडत्या मुलाला ताकीद देतो, तसा परमेश्वर. ग्रीक भाषांतरकारांनी बहुधा तीच अक्षरं ‘तो वेदना देतो’ अशी वाचली, आणि त्यांच्या ओळीत ‘फटके मारतो’ आलं. ‘ध’चा ‘मा’ झाल्याची गोष्ट आपल्याकडे प्रसिद्ध आहे; इथे तर अक्षरही बदलावं लागलं नाही. इब्री लोकांस पत्राच्या लेखकाने ग्रीक वाचन उचललं, म्हणून आपल्या मराठीत फटके आहेत. पण बाप कुठे गेला नाही. लेखकाने पुढच्याच ओळींत त्याला परत आणलं: ज्याला बाप शिस्त लावत नाही असा कोणता मुलगा आहे?

हे पत्र कुणाला लिहिलं होतं तेही बघायला हवं. ही काही पापात लोळणारी माणसं नव्हती. दहाव्या अध्यायात लिहिलं आहे की विश्वासामुळे त्यांची चारचौघांत विटंबना झाली, मालमत्ता लुटली गेली, तुरुंगातल्या भावांसाठी ती धावून गेली. थोडक्यात, चांगली माणसं, थकलेली. त्यांच्यावर गुदरलेल्या या छळाला लेखक पैदेइया म्हणतो. तुमच्या अमुक पापाबद्दल हे झालं, असं तो एकदाही म्हणत नाही. उलट पाचव्या अध्यायात तो लिहितो की प्रत्यक्ष येशू पुत्र असूनही दुःखं सोसून आज्ञापालन शिकला. ज्याच्यात पाप नव्हतं तोही जर शिकला, तर शिकण्याला अपराधाची पावती लागत नाही.

बाराव्या अध्यायात लेखकाच्या डोळ्यांपुढे न्यायालय नाहीच, मैदान आहे. सुरुवात धावण्याच्या शर्यतीने होते. अकराव्या वचनात शिस्तीने ‘तयार झालेल्या’ माणसांसाठी जो ग्रीक शब्द आहे तो कसरतीचा. ग्रीक पैलवान उघड्या अंगाने मेहनत करत, त्यावरूनच तो पडला. पुढे लगेच लोंबकळणारे हात आणि लटपटणारे गुडघे येतात. हजार जोर-बैठका मारून झाल्यावर काय होतं ते ज्याने अनुभवलंय त्याला ही ओळ वेगळी समजावून सांगायला नको. मराठीत आखाड्याला ‘तालीम’ म्हणतात. हा शब्द मूळचा अरबी, अर्थ ‘शिकवणं’. मला विचाराल तर पैदेइयाला ‘शिक्षा’पेक्षा ‘तालीम’ जास्त जवळ आहे. वस्ताद कुणाच्या मागे लागतो? हौस म्हणून महिनाभर येऊन आरशात दंड बघणाऱ्या पोराला तो काही बोलत नाही. ज्याला यंदा जत्रेच्या फडात उतरवायचं मनात असतं, त्याला पहाटे चारला लाथ घालून उठवतो.

नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला आई म्हणून हाक मारली आणि गुरू म्हणूनही. वात्सल्य एकीकडे, तालीम दुसरीकडे, अशी वाटणी त्यांनी केली नाही.

हिशेब कुणी भरला

दंड आणि शिस्त यांत ख्रिस्ती विश्वास फरक करतो. दंड मागे बघतो: जे झालं त्याची भरपाई. शिस्त पुढे बघते: जे व्हायचं आहे त्याची तयारी. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात, जो अध्याय ख्रिस्ती लोक वधस्तंभाकडे बघत वाचतात, तिथे पाचव्या वचनात हाच ‘मूसार’ शब्द आहे: आपल्याला शांती मिळावी म्हणून जी शिक्षा व्हायची ती त्याच्यावर पडली. प्रेषित पौल रोमकरांना लिहितो की जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना आता दंडाज्ञा नाही. हे खरं मानायचं, तर देव माझ्या जुन्या पापाची वसुली आईच्या किडनीतून करतो असं म्हणता येत नाही. एकाच बिलाचे पैसे दोनदा घेणाऱ्या दुकानदाराकडे आपण पुन्हा जात नाही.

ईयोबाचं पुस्तक या बाबतीत फार टोकदार आहे. ईयोबाची मुलं गेली, जनावरं गेली, अंगभर फोड आले. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री जमिनीवर गप्प बसतात. तिथवर त्यांचं सगळं ठीक होतं. मग अलीफज तोंड उघडतो आणि म्हणतो, देव ज्याला ताकीद देतो तो धन्य, त्याच्या शिक्षेचा अव्हेर करू नको. वाक्य नीतिसूत्रांत शोभावं असं. शब्दही तोच, मूसार. आणि पुस्तकाच्या शेवटी देव अलीफजालाच म्हणतो, माझा तुझ्यावर आणि तुझ्या दोन मित्रांवर राग भडकला आहे, तुम्ही माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत. दवाखान्यात आलेल्या मावशींची मला अलीफजाच्या बरोबरीने आठवण येते. शहाळं देऊन उठल्या असत्या तर बरं झालं असतं.

येशूच्या शिष्यांनीही तेच केलं. जन्मांध माणूस दिसला आणि त्यांनी विचारलं, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणाला, याने नाही आणि त्यांनीही नाही. शिलोहाचा बुरूज पडून १८ जण मेले, ते काय यरुशलेमातले सर्वांत मोठे पापी होते का, असं त्याने स्वतःहून विचारलं आणि स्वतःच नाही म्हणाला.

मग आपल्यावर आलेलं एखादं संकट ही देवाची शिस्त आहे की नाही, हे ओळखायचं कसं? पक्की खूण सांगणाऱ्यांपासून मी चार हात लांब राहतो. पण नाथानाच्या गोष्टीतून एक गोष्ट मला दिसते. नाथानाने नेमकं बोट ठेवलं, ही मेंढी, हा माणूस. दावीदाला रात्रभर छताकडे बघत आठवावं लागलं नाही. माझ्या आईला रात्रभर शोधून काही सापडलं नाही, सकाळी नुसती भीती उरली. त्या भीतीने ती देवाच्या जवळ गेली नाही. पुढचे कित्येक दिवस प्रार्थनेत तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

इथे आणखी एक सांगून टाकतो. दारू पिऊन बायकोला मारणारा नवरा, पोराला पट्ट्याने झोडणारा बाप, मंडळीतल्या लोकांना धाकात ठेवणारा पाळक, हे सगळे हेच वचन पुढे करतात. इब्री लोकांस पत्र त्यांना हा आधार देत नाही. दहाव्या वचनात जगातल्या बापांविषयी लिहिलं आहे की ते आपल्या समजुतीप्रमाणे शिस्त लावत, आणि त्या समजुतीची मर्यादा तिथेच दाखवली आहे. देव मात्र आपल्या हितासाठी लावतो. मार खाणाऱ्या बाईला ‘सोस, हे देवाचं शिक्षण आहे’ असं सांगणारा माणूस अलीफजापेक्षाही पुढे गेलेला असतो. तिला आधी त्या घरातून बाहेर काढावं.

मंडळीने एखाद्याला शिस्त लावण्याची रीत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात आहे, आणि तिची पहिली पायरी आपल्याकडे सर्रास गाळली जाते: त्याच्याकडे एकटा जा, चार भिंतींत बोल. आपण आधी चार घरांत बोलतो, मग प्रार्थनेचा विषय म्हणून मांडतो, आणि त्याच्याकडे शेवटी जातो. करिंथच्या मंडळीने कुणाला तरी शिक्षा केली होती. पौल दुसऱ्या पत्रात लिहितो की ती पुरे झाली, आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. पुरे कधी म्हणायचं हे कळणंही शिस्तीतच येतं.

ओरडायला मनाई नाही

सोसायचं म्हणजे तोंड मिटून सोसायचं, असा एक समज आपल्या मंडळ्यांत आहे. विलापगीत नावाचं छोटं पुस्तक तो समज ठेवत नाही. बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, सैन्याने इ. स. पूर्व ५८६च्या सुमारास यरुशलेम जाळलं, त्यानंतरच्या या पाच कविता. इब्री वर्णमालेत २२ अक्षरं आहेत. पहिल्या चार कवितांत कडवी त्या अक्षरांच्या क्रमाने येतात. तिसरीत तर प्रत्येक अक्षराला तीन, अशी ६६ वचनं. दुःख इतकं, की अक्षरांच्या कुंपणाशिवाय ते आवरलं नसतं. कवी देवाला अस्वल म्हणतो, टपून बसलेला सिंह म्हणतो. माझे दात त्याने खड्यांनी फोडले म्हणतो. आणि ऐन मध्यावर, तिसऱ्या कवितेत, परमेश्वराचं हेसेद संपलेलं नाही, ते रोज सकाळी नवं होतं, अशी ती ओळ येते. थोडं पुढे म्हटलं आहे की देव माणसांना दुःख देतो ते मनापासून देत नाही.

पण पुस्तक तिथे संपत नाही. दोन कविता अजून उरतात आणि सूर पुन्हा खाली जातो. शेवटची ओळ जवळजवळ प्रश्न आहे: तू आम्हांला अगदीच टाकलंस का? यहुदी सभास्थानात हे पुस्तक वाचतात तेव्हा ती ओळ झाली की तिच्या आधीची, ‘आम्हांला परत आण’ अशी विनवणीची ओळ पुन्हा म्हणतात, म्हणजे वाचन त्या शब्दांवर थांबू नये. पुस्तकात मात्र ओळ आहे तशीच ठेवली आहे. इब्री लोकांस पत्रही सरळ कबूल करतं की कोणतीही शिस्त त्या वेळी आनंदाची वाटत नाही, दुःखाचीच वाटते.

कोळशाची शेगडी

सगळ्या शास्त्रात मला आवडलेली शिस्त छडीशिवायची आहे. येशूला पकडलं त्या रात्री महायाजकाच्या वाड्यात थंडी होती, चाकरांनी कोळशाचा विस्तव केला होता, त्याचा शिष्य पेत्र, मूळ नाव शिमोन, तिथे शेकत उभा होता. तिथेच त्याने तीनदा सांगितलं की मी या माणसाला ओळखत नाही. पुनरुत्थानानंतर तिबिर्या समुद्राच्या काठी सकाळी येशू शिष्यांची वाट बघत होता. कोळशाचा विस्तव, वर मासळी, बाजूला भाकर. ‘कोळशाचा विस्तव’ यासाठीचा ग्रीक शब्द अख्ख्या नव्या करारात दोनच वेळा येतो, त्या रात्री आणि या सकाळी. पेत्राच्या नाकात तो धूर गेला असेल तेव्हा त्याला काय झालं असेल?

आधी न्याहारी झाली. रात्रभर जाळं ओढलेल्या माणसाला येशूने उपाशी ठेवून प्रश्न विचारले नाहीत. मग त्याने विचारलं, शिमोना, तू माझ्यावर प्रीती करतोस का? एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या वेळी पेत्राला वाईट वाटलं, असं हा प्रसंग लिहिणाऱ्या योहानाने मुद्दाम नोंदवलं आहे. दुखणाऱ्या जागीच हात लागला होता. त्या रात्रीचा उल्लेखही झाला नाही. प्रत्येक उत्तरानंतर काम मात्र हातात आलं: माझी मेंढरं पाळ. म्हातारपणी तुला तुझी इच्छा नसेल तिकडे नेतील, हेही येशूने त्याला सांगून टाकलं.

इतकं सगळं झाल्यावर पेत्र मागे वळला. मागून योहान येत होता. पेत्राने विचारलं, “प्रभू, याचं काय?”

येशू म्हणाला, त्याच्याशी तुला काय करायचंय? तू माझ्यामागे ये.